फळांची मगर, फळांचा अजगर

डिंगल क्रीकच्या शेतकी प्रदर्शनात मुलांच्या विभागाची सगळी व्यवस्था नोलीन क्रॅडॉकबाईंकडे असायची, आणि गाव त्यांना पाठीमागे 'मोजपट्टी' म्हणायचं. बाईंना हे ठाऊक होतं. आपल्याला ठाऊक आहे हे मात्र त्यांनी कधी कुणाला कळू दिलं नाही.

तसं नाव पडायला कारणंही घडली होती. मागच्याच वर्षी त्यांनी एका पोराचा फळांचा कोआला स्पर्धेतून बाद केला होता, कारण त्याचे डोळे द्राक्षांचे नसून चॉकलेटच्या गोळ्यांचे निघाले. त्या पोराची आजी तेव्हापासून दुकानात बाई दिसल्या की वळून पिठाच्या पिशव्या न्याहाळत उभी राहायची. बाईंना वाईट वाटायचं. पण त्यांचं म्हणणं सरळ होतं. नियम सगळ्यांना सारखे असले की कुणावर अन्याय होत नाही, आणि अन्याय झाला नाही की कुणी रडत नाही. दरवर्षी कुणी ना कुणी रडायचंच, ही गोष्ट वेगळी.

'फळांच्या सॅलडचा प्राणी' या स्पर्धेचे नियम त्यांनीच केलेले होते. प्राणी ताटलीत मावला पाहिजे. त्यातला कण न् कण खाण्याजोगा पाहिजे. आणि मोठ्या माणसाचा त्याला हात लागता कामा नये.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी बाई जुन्या सभागृहात टेबलक्लॉथना इस्त्री करत होत्या. सभागृह गावाच्या कडेला, मागच्या दाराला लागून जंगल. मैदानावरून लाउडस्पीकरचा आवाज येत होता, गुरं हंबरत होती. तेवढ्यात एक पिकअप दारात येऊन थांबली. मागे जोडलेल्या ट्रेलरमध्ये एक कालवड उभी होती, आणि पुढून तीन मुलं आणि फळांचे दोन खोके उतरले.

"बाई, या पोरांना जरा बघा हं," खिडकीतून ग्रँट पॅस्को ओरडला. "केरिन येतेच आहे मागून. माझी कालवड रिंगणात न्यायचीय!"

"अहो, पण..."

पण पिकअप गेली होती. उरली ती मुलं. ग्रँटची नऊ वर्षांची ब्राँटी, जिने घरून येतानाच केस घट्ट बांधून बाह्या वर सारल्या होत्या. तिचा धाकटा भाऊ रॅफ, ज्याच्या तोंडात आधीच एक केळं होतं. आणि शेजारची सहा वर्षांची लुपे, मूळच्या टोंगा बेटांवरच्या माणसांची मुलगी, जिची आई केळी भरण्याच्या शेडमध्ये कामाला होती.

बाईंचा फोन वाजला. केरिन होती, मुलांची आई. सकाळी मुलांना घेऊन प्राणी करायला बसायचं तिने कबूल केलं होतं.

"बाई, साखर कारखान्याची गाडी रुळांवरून घसरलीय. रस्ताभर ऊस सांडलाय."

"मग मागे वळ आणि नदीच्या रस्त्याने ये."

"मागे दुधाचा टँकर, पुढे ऊस. मी गाडीत बसून ऊस खातेय. तुम्हीच बसा ना त्यांच्याजवळ."

"मी? अगं, मी व्यवस्थापक आहे. मी हात लावला तर सगळंच बाद होईल."

"हात नका लावू. नुसती नजर ठेवा," केरिन म्हणाली, आणि फोनमध्ये ऊस मोडल्याचा कडकडाट ऐकू आला.

बाईंनी इस्त्री बंद केली. पाढे म्हणायला उभं केल्यासारखे दोन्ही हात पाठीमागे धरले, आणि म्हणाल्या, "बसा. बोथट सुऱ्या घ्या. बारापर्यंत मंडपात पोचायचंय."

मुलं खोक्यांवर तुटून पडली. अननस, पपया, कलिंगड, केळ्यांचा घड, संत्री, स्ट्रॉबेऱ्या. एक पिशवी मात्र ब्राँटीने नाक मुरडून स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवून दिली. तिच्यात काळे सपोटे होते. बाहेरून शेवाळलेल्या टोमॅटोसारखे, आत काळाकुळकुळीत गर. गावात त्याला चॉकलेट-फळ म्हणतात आणि मोठी माणसं चाटून-पुसून खातात. "शी, चिखल!" ब्राँटी म्हणाली, आणि विषय संपला.

ब्राँटीला मगर करायची होती. कलिंगडाची साल कापून तिने लांबट जबडा केला, सालीचा पांढरा भाग कोरून दात काढले, आणि पोटात बारीक चिरलेली फळं रचायला घेतली, रंगाप्रमाणे, ओळीने. डोळ्यांसाठी तिने खिशातून दोन काकडीच्या चकत्या काढल्या.

"काकडी नाही चालायची," बाई म्हणाल्या.

"काकडी फळ आहे. आत बिया असतात ते फळ. शाळेत शिकवलंय."

"म्हणजे भोपळा फळ?" रॅफने विचारलं. "मिरची फळ?"

लुपेची सुरी हवेतच थांबली. "माझी आजी म्हणते माझ्या डोक्यात नुसत्या बिया भरल्यात. मग मी पण फळ?"

"हो. आणि तुला ताटलीत ठेवायचंय," रॅफ म्हणाला, आणि दोघं टेबलावर डोकं आपटून आपटून हसायला लागली.

"काकडी नाही," बाईंनी पुन्हा सांगितलं, पण त्यांचा आवाज ठरवला होता तेवढा कडक निघाला नाही. ब्राँटीने सुस्कारा टाकून चकत्या स्वतःच खाल्ल्या.

लुपे डुक्कर करत होती. अर्धी पपई पालथी घातली, समोर स्ट्रॉबेरीचं नाक, संत्र्याच्या फोडींचे कान. मग ते डुक्कर तिने फळांच्या तुकड्यांच्या ढिगावर आडवं लोळवलं.

"हे झोपलंय का?" बाईंनी विचारलं.

"हा सेमिसीमामा आहे. रविवारी जेवला की असाच पडतो. शर्ट पण असाच वर जातो," लुपेने सांगितलं, आणि पपईच्या पोटावर बोटाने हलकेच एक बेंबी खणली.

रॅफचं काम सगळ्यांत सोपं आणि सगळ्यांत लांब होतं. केळ्याची चकती, स्ट्रॉबेरीची चकती, केळ्याची, स्ट्रॉबेरीची. अजगर ताटलीवर एक वेढा घालून काठावरून खाली उतरला, टेबलक्लॉथवरून मिठाच्या बरणीला वळसा घालून पलीकडच्या टोकाकडे निघाला.

"रॅफ, प्राणी ताटलीत मावला पाहिजे."

"ताटलीत मावला तर त्याला अजगर कोण म्हणेल, बाई?"

"नियम म्हणजे नियम."

"मग मोठी ताटली द्या."

"ताटली सगळ्यांना सारखीच."

"अजगर सगळे सारखे नसतात पण," रॅफ म्हणाला आणि पुढची चकती लावली. पोस्टात इतकी वर्षं काढली होती बाईंनी, मोठमोठ्या माणसांना पाकिटाच्या मापावरून परत पाठवलं होतं, आणि हा टीचभर पोरगा त्यांच्याशीच मापावरून वाद घालत होता. त्यातून मगरीचा एक दात तिरका झाला होता. तो सरळ करायला त्यांची बोटं पाठीमागे नुसती शिवशिवत होती. त्यांनी एका हाताने दुसरा हात गच्च धरला.

तेवढ्यात मागच्या दारातला उजेड कमी झाला.

"मावशी," लुपे म्हणाली, "कुणीतरी आलंय."

बाईंनी मागे न पाहताच सांगितलं, "प्रवेशिका मंडपात घेतात. इथे नाही."

"त्याला प्रवेशिका नकोय बहुतेक," लुपे म्हणाली.

बाईंनी वळून पाहिलं. दारात कॅसोवरी उभा होता, शहामृगासारखा जंगली पक्षी. माणसाच्या उंचीचा, गवताच्या गंजीसारखी काळी पिसं, निळीशार मान, गळ्याखाली लोंबणाऱ्या दोन लाल मांसल पिशव्या आणि डोक्यावर शिंगासारखा उभा तुरा. पायाला ती नखं, एकेक सुऱ्यासारखी. तो मान तिरकी करून एका डोळ्याने टेबल बघत होता. दागिन्यांच्या दुकानात नुसतंच बघायला आलेलं गिऱ्हाईक बघतं तसं.

त्या गावात जन्मलेल्या पोराला बोलायच्या आधी कळतं की कॅसोवरी समोर आला तर पळायचं नाही, ओरडायचं नाही, आणि काहीतरी मध्ये धरून हळूहळू मागे सरायचं. बाईंनी इस्त्रीचं टेबल उचलून समोर धरलं. "माझ्या मागे या. रॅफ, सुरी ठेव. पळायचं नाही. स्टेजवर. हळू."

चौघं जण एकमेकांना चिकटून, खेकड्यासारखे आडवे सरकत, तीन पायऱ्या चढून स्टेजवर गेले आणि जुन्या पियानोच्या आड दबा धरून बसले. पक्ष्याने त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तो संथपणे टेबलाजवळ आला.

आधी संत्री गेली. अख्खी. एकेक संत्रं चोचीत धरायचा, डोकं मागे टाकायचा, आणि मग ते संत्रं निळ्या मानेतून फुगवट्यासारखं खाली खाली उतरताना स्पष्ट दिसायचं.

"लिफ्टसारखं," लुपे कुजबुजली.

"शू."

"बाई," रॅफ बाईंच्या कानाशी लागला. "कॅसोवरीला खायला घालणं गुन्हा आहे ना? दंड होतो ना?"

"आपण घालत नाही. तो घेतोय."

"हे पोलिसांना तुम्ही सांगा हं."

मग मगरीची पाळी आली. पक्ष्याने तिच्या पोटातली फळं टिपली, ब्राँटीने लावलेली ओळ न मोडता, लाल झाली की पिवळी, पिवळी झाली की हिरवी. ब्राँटीने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं आणि डोळ्यांत पाणी तरारलं होतं. शेवटी त्याने तो तिरका दात उपटला, चघळल्यासारखं केलं आणि थुंकून दिला. पुढे डुक्कर. एका टोल्यात स्ट्रॉबेरीचं नाक गेलं.

"सेमिसीमामा गेला," लुपे अगदी गंभीरपणे म्हणाली. "देव त्याचं भलं करो."

बाईंनी ओठ आवळले. हसायचं नाही. हा प्राणी लाथेने दार फोडू शकतो. तीन मुलं आपल्या जबाबदारीवर आहेत. हसायचं नाही.

अजगर उरला होता. पक्षी टेबलाच्या टोकाशी गेला आणि शेपटापासून सुरुवात केली. केळं, स्ट्रॉबेरी, केळं, स्ट्रॉबेरी. टेबलाच्या कडेने सरकत सरकत, मिठाच्या बरणीला तसाच वळसा घालून त्याची चोच ताटलीपर्यंत पोचली. काठाशी आली आणि थांबली. पोट भरलं असावं. ताटलीत अजगराचा एक गोल वेढा आणि डोकं, एवढंच राहिलं होतं, काठाच्या आत, अगदी नीटस.

रॅफने मान उंचावून पाहिलं आणि समाधानाने कुजबुजला, "आता बसतोय नियमात."

झालं. बाईंच्या नाकातून आधी एक शिट्टीसारखा आवाज निघाला. त्यांनी रुमाल तोंडात कोंबला. रुमालामागून हुंदक्यासारखं काहीतरी आलं. मुलांनी चमकून पाहिलं. मोजपट्टीबाई लालबुंद होऊन गदागदा हलत होत्या, आणि ते पाहून लुपेचा बांध फुटला, मग रॅफचा, आणि डोळ्यांत पाणी असलेली ब्राँटीसुद्धा खिंकाळल्यासारखी हसली. जितकं दाबावं तितकं ते वर येत होतं. बाई हसता हसता अर्धवट उठून मागे रेलल्या, तोल गेला, आणि पियानोच्या उघड्या पट्ट्यांवर पूर्ण वजनानिशी बसल्या.

असा आवाज त्या सभागृहाने कधी ऐकला नव्हता. पक्षी हातभर उडाला. खाली येताना त्याची लाथ टेबलाला बसली, टेबल कलंडलं, अजगराचं डोकं घरंगळत कोपऱ्यात गेलं. पक्ष्याने पिसं झाडली, स्टेजकडे एक अपमान झाल्यासारखा कटाक्ष टाकला आणि आला तसाच रुबाबात दारातून बाहेर पडला. त्याच्या एका नखात ताटलीखालचं कागदी लेसचं आसन अडकलं होतं. ते फडफडवत तो झाडीत दिसेनासा झाला.

रॅफने धावत जाऊन दार लावलं. मग चौघंही स्टेजवर पसरून हसली. कुणी थांबलं की दुसरं कुणी "लिफ्टसारखं" म्हणायचं आणि पुन्हा सुरू. बाईंच्या पोटात कळ आली. केसांतल्या पिना निघून गेल्या होत्या. आपण शेवटचं असं कधी हसलो होतो हे आठवायचा त्यांनी प्रयत्न केला आणि तेवढ्यात लुपेने विचारलं, "मावशी, तुम्ही कुठल्या सुरात बसलात?" आणि ते आठवणं राहूनच गेलं.

सगळ्यांत आधी भानावर आली ती ब्राँटी. "बाई," ती म्हणाली, "आमच्याकडे आता काहीच नाही."

खरंच होतं ते. खाली पडलेल्या टेबलक्लॉथवर लगद्यात उमटलेले तीन बोटांचे मोठाले ठसे तेवढे होते. घड्याळात बाराला फार अवकाश नव्हता. ब्राँटीचा खालचा ओठ थरथरायला लागला. बाईंनी हा ओठ ओळखला. दरवर्षी निकालानंतर तो कुणाच्या ना कुणाच्या चेहऱ्यावर दिसायचा, आणि त्या दरवर्षी दुसरीकडे बघायच्या.

"काय काय उरलंय ते आणा," त्या म्हणाल्या आणि पदर खोचावा तसा ॲप्रन आवळून बांधला.

टेबलाखालून तीन स्ट्रॉबेऱ्या निघाल्या. अननसाचा एक तुकडा, दोन केळी, एक पॅशनफ्रूट. आणि ओट्यावरची काळ्या सपोट्यांची पिशवी.

"चिखल," ब्राँटी रडवेल्या आवाजात म्हणाली.

"काळं आहे," लुपे म्हणाली. "तो पण काळाच होता."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि एकदमच ओरडली, "कॅसोवरी!"

"पण मान?" रॅफ म्हणाला. "निळं फळ कुठे असतं?"

"अंगणात," बाई म्हणाल्या. "तो कशासाठी येतो इथे असं वाटलं तुम्हाला?"

त्यांनी आधी खिडकीतून बाहेर नीट पाहून घेतलं आणि मगच दार उघडलं. सभागृहाच्या मागे क्वांडाँगचं झाड होतं आणि त्याखाली गोट्यांसारखी गोल, चकचकीत निळी फळं पडली होती. मुलांनी ओंजळी भरून आणली, धुतली. पण निळी साल पातळ, आत मोठी कोय, आणि बोथट सुरीने काही जमेना. फळ सटकून भिंतीवर जायचं. धारदार सुरी मुलांच्या हाती द्यायची नाही, हाही नियम होताच.

बाई क्षणभर उभ्या राहिल्या. मग त्यांनी ओट्यावरची धारदार सुरी उचलली आणि सोलायला बसल्या.

"बाई, तुमचा हात लागला," ब्राँटी हळूच म्हणाली.

"दिसतंय मला. तू पिसं कर."

"आणि हे खाता येतं का? कण न् कण..."

बाईंनी एक निळी साल तोंडात टाकली. त्यांचे डोळे मिटले, गाल आत गेले, खांदे कानांपर्यंत वर आले. "येतं," त्या कशाबशा म्हणाल्या. मुलं पुन्हा लोळायला लागली.

मग जे काम सुरू झालं त्याला शिस्त अशी काही नव्हती. ब्राँटीने सपोट्याचा काळा गर थापून काट्याने पिसांच्या रेघा ओढल्या आणि मधूनच बोट चाटून पाहिलं. मग पुन्हा चाटलं. मग "चिखल बरा लागतो," म्हणून जाहीर केलं. रॅफने अननसाचे पाय आणि त्यांना नखं केली. लुपेने केळ्याचा तिरका काप तुरा म्हणून बसवला आणि स्ट्रॉबेऱ्या गळ्यात टांगल्या. बाई निळ्या साली एकावर एक कौलांसारख्या रचत होत्या आणि त्यांची जीभ दातांत धरली गेली होती. तिसरी-चौथीत चित्र काढताना त्या अशीच जीभ धरायच्या आणि आई रागवायची.

"मान वाकडी झाली, मावशी," लुपे म्हणाली.

"वाकडीच हवी. टेबल बघतोय तो."

पॅशनफ्रूटची एक बी डोळा म्हणून बसली आणि तो कॅसोवरी ताटलीतून त्यांच्याकडे एका डोळ्याने बघायला लागला. ताटलीत मात्र तो पुरता मावत नव्हता. एक पाय काठावरून बाहेर, टेबलावर होता. बाईंनी तो तसाच राहू दिला.

ताटली दोन्ही हातांत धरून, पिना नसलेले केस वाऱ्यावर उडवत, बाई मैदानाकडे निघाल्या आणि तीन मुलं पुढे "बाजूला व्हा, बाजूला व्हा" ओरडत पळत होती. गावाने असं दृश्य पाहिलं नव्हतं. ग्रँटची कालवडसुद्धा बघत राहिली.

मंडपात टेबलावर पेरांचे कोआला, द्राक्षांचे काटेरी एकिडना आणि संत्र्याची कासवं ओळीने मांडलेली होती. परीक्षक झॅमिटबाई शेजारच्या गावाहून आल्या होत्या, भारदस्त, मोठ्या फुलांचा झगा घातलेल्या, हातात चमचा. त्या कॅसोवरीपाशी आल्या आणि थबकल्या.

"हे कुणी केलं?"

"आम्ही चौघांनी," लुपे म्हणाली.

"चौथं कोण?"

लुपेने बोट दाखवलं. झॅमिटबाईंनी बोटाच्या दिशेने पाहिलं. बाई पुढे झाल्या. त्यांच्या हनुवटीला काळं लागलेलं होतं.

"ही प्रवेशिका बाद करावी लागेल," बाई खणखणीत आवाजात म्हणाल्या. "मोठ्या माणसाचा हात लागलाय. माझा."

"वयाची अट बारा आहे ना?" झॅमिटबाईंनी विचारलं.

"आहे. मी त्रेसष्टची आहे."

"थोडक्यात हुकलं की हो," झॅमिटबाई म्हणाल्या.

मंडपात कुणीतरी फिसकन हसलं. बाईंना वाटलं की आता ब्राँटी रडेल, आणि त्यांनी मुद्दाम तिच्याकडेच पाहिलं. ब्राँटी रडत नव्हती. तिने रॅफकडे पाहिलं, रॅफने लुपेकडे, आणि लुपेने दोन्ही हात वर करून उडीच मारली. "आपण बाद झालो!"

"बाद! बाद!" रॅफ ओरडला आणि मंडपभर लोकांना सांगत सुटला, "ऐका, आम्ही बाद झालो! मोजपट्टीबाई पण बाद झाल्या!"

ते नाव बाईंच्या तोंडावर आजवर कुणी घेतलं नव्हतं. रॅफला आपण काय बोललो ते कळलं आणि तो जागीच थिजला.

"हो," बाई म्हणाल्या. "मोजपट्टीच बाद झाली. आता मोजणार कशाने?"

आणि मंडप हसला. मागच्या रांगेत ती कोआलावाल्या पोराची आजी उभी होती. ती हसली की नाही हे बाईंना नीट दिसलं नाही, पण तिने मान मात्र वळवली नाही.

"बाद म्हणजे बक्षीस नाही," झॅमिटबाई म्हणाल्या. "चव घेऊ नये असं कुठे म्हटलंय?" आणि त्यांनी कॅसोवरीच्या काळ्या पाठीत चमचा घातला. मग दुसरा घातला. मग मुलांच्या हाती चमचे दिले, प्रदर्शनाचे अध्यक्ष ओलरेनशॉ आले त्यांनाही दिला. निळ्या मानेला फक्त ओलरेनशॉंनी हात लावला आणि त्यांचा चेहरा पाहून बाकीच्यांनी ती राहू दिली. थोड्याच वेळात सगळ्यांचे दात काळे झाले होते आणि ते काळे दात एकमेकांना दाखवत माणसं हसत होती. पहिलं बक्षीस एका संत्र्याच्या कासवाला मिळालं. त्या कासवाची मालकीण इतकी खूश झाली की तिने कासव तिथल्या तिथे खाऊन टाकलं.

केरिन पोचली तेव्हा दुपार उलटली होती. तिच्या केसांत उसाचं पाचट अडकलं होतं. तिने मुलांचे काळे दात बघितले, बाईंचे बघितले, आणि मुलांनी एका दमात सगळं सांगून टाकलं. "कॅसोवरी? सभागृहात?" ती म्हणाली. "आणि तो पियानो वाजला म्हणून गेला? बाई, निदान तुम्ही तरी थापा मारू नका!"

"तो वाजला नाही. मी बसले त्याच्यावर," बाईंनी दुरुस्ती केली.

संध्याकाळी पाळण्यांवर दिवे लागले. मुलांनी बाईंना हात धरून एकमेकांना धडकवायच्या डॅशिंग कारच्या रांगेत ओढून नेलं. "मी फक्त बघते," त्या म्हणत होत्या. पण लुपेने त्यांच्याशेजारी बसायचा हट्ट धरला, आणि बाईंना गाडीत बसावंच लागलं. त्यांनी मोठी पर्स मांडीवर ठेवली, चाक दोन्ही हातांनी धरलं. समोरच्या गाडीत अध्यक्ष ओलरेनशॉ नातवाला घेऊन अवघडून बसले होते आणि त्यांची पाठ बाईंकडे होती.

"मावशी," लुपे कानात म्हणाली, "ते बघत नाहीयेत."

भोंगा वाजला. बाईंनी पेडलवर पाय रेटला तो पुन्हा उचललाच नाही.